सोलापूर जिओकॅशिंग: हिप्परगा तलावाकडच्या कॅशला जाणार असाल तर लॉगवर विसंबू नका, आधी हे वाचा

सरळ सांगते. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसवर हुडकायचा खेळ, डबा म्हणजे कॅश, ठेवणारा तो ओनर, प्रत्येक कॅशचं वेबसाइटवर पान असतं आणि शोधून आलेले तिथं जे लिहितात तो लॉग. हिप्परगा तलावाकडच्या कॅशचं टेरेन, म्हणजे वाट किती अवघड ते, पानावर पाच ताऱ्यांपैकी दीड दाखवलंय, आणि अलीकडचे लॉग वाचाल तर सगळीकडे एकच, रस्त्यालगत आहे, दोन मिनिटांत सापडला, थँक्स. ह्या भरवशावर पावसाळा संपल्या संपल्या जाऊ नका. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो, मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही ट्रेकला जाणारे, बूट चांगले, पाणी भरपूर, तरी त्या शेवटच्या टप्प्यानं जो जीव काढला तो हरिश्चंद्रगडाच्या चढानं पण काढला नव्हता. कॅशचं नाव आणि कोड मुद्दाम देत नाहीये, ज्याला जायचंय त्याला नकाशावर दिसेलच, बाकीच्यांची मजा कशाला घालवू.

टेरेन दीड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक म्हणजे व्हीलचेअर जाईल असं, आणि पाच म्हणजे दोर, होडी, स्कूबा असलं काहीतरी सामान लागणार. दीड म्हणजे सपाट, थोडंसं चालणं, चपलेत जाऊन याल. आता हे तारे ओनर देतो, बहुतेक वेळा डबा ठेवताना जे दिसलं त्यावरून, आणि इथला डबा उन्हाळ्यात ठेवलाय हे पानावरच्या फोटोत स्पष्ट दिसतं, जमिनीला भेगा पडल्यात त्यात. उन्हाळ्यात सोलापूरची काळी माती दगडासारखी असते, चाला बिनधास्त. तीच माती परतीच्या पावसानंतर काय करते ते ओनरनं बघितलेलं नाही, आणि आम्हाला ते बघावं लागलं.

आधी रिक्षाचं सांगते कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. स्टेशनबाहेर विचारलं तर हिप्परग्याला जायचे आठशे, का तर म्हणे परत रिकामं यावं लागतं. घासाघीस करून सहाशेला तयार झाला आणि फाट्यावर पोचल्यावर अजून दोनशे मागितले, म्हणे आत यायचं ठरलं नव्हतं. ठरलं होतं, माझ्यासमोर ठरलं होतं. तेवढ्यासाठी रिक्षा करूच नका. एसटी स्टँडवरून तुळजापूरच्या गाड्या सतत असतात, कंडक्टरला आधी विचारा हिप्परग्याला थांबते का, फास्ट गाडी कधी थांबत नाही, थांबणारीत बसा आणि फाट्यावर उतरा. बायकांना अर्धं तिकीट. परत येताना आम्ही तसंच आलो आणि जाताना दिलेले पैसे आठवून मला शहर येईपर्यंत बोलवेना. टू व्हीलर असेल तर उत्तमच पण पंक्चरचं सामान ठेवा, वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये गेला तर आजूबाजूला लगेच कोणी मिळत नाही.

तर फाट्यावरून लॉगमध्ये म्हटल्याप्रमाणे बांधाकडच्या रस्त्यानं निघालो. फोनवर बाण दाखवत होता सहाशे मीटर, रस्त्याच्या उजवीकडे, शेतात. लॉग म्हणतायत रस्त्यालगत. इथंच शंका यायला पाहिजे होती असं कोणी म्हणेल, पण ओळीनं सगळे लॉग एकच सांगत असतील तर माणूस तेच धरून चालणार ना. भाऊ म्हणाला को-ऑर्डिनेट्सच चुकीच्या पद्धतीनं टाकले असतील, कारण हे नेहमी होतं. नव्या लोकांसाठी सांगते, कॅशच्या पानावर अंश आणि मग दशांशातली मिनिटं असतात, ४०.५०० म्हणजे साडेचाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं पन्नास सेकंद नव्हे. तसं टाकलंत तर वीस सेकंदांचा फरक पडतो आणि उत्तर-दक्षिणेला सहाशे मीटरवर जाऊन तुम्ही दुसऱ्याच्याच शेतात उभे राहता. आम्ही दोघांनी वेगवेगळं टाकून तपासलं, आकडे बरोबर होते. म्हणजे डबा खरंच शेतापलीकडे होता आणि लॉग खोटे होते. खोटे का ते पुढे येतंय.

आता तो टप्पा. रस्त्याकडून सरळ गेलं तर मधे नुकतीच पेरलेली ज्वारी, मालदांडी असावी, कोंब नुकते वर आलेले, त्यात पाय टाकायचा प्रश्नच नाही, कॅशसाठी कोणाचं पीक तुडवणारा माणूस हा खेळ खेळण्याच्या लायकीचा नाही. मग उरतं काय तर शेताच्या कडेनं ओढ्यालगतची पट्टी, एका बाजूला वेडी बाभूळ आणि दुसऱ्या बाजूला चिखल. आदल्या रात्री पाऊस झालेला. पहिल्या दहा पावलांत बुटाला मातीचा थर, वीस पावलांत बूट ओळखू येईना, मग तो थर एवढा जाड होतो की पाय तिरपा पडतो आणि घोटा मुरगळायची भीती, काठीनं खरवडायचा आणि पुढच्या चार पावलांत परत तेवढाच. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, तिला निसरडी म्हणणं चुकीचं आहे, ती पाय धरून ठेवते. एकदा माझा पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. वर बाभळीचे काटे डोक्याला, टोपी दोनदा ओढली गेली, आणि भावाच्या बुटाच्या तळातून एक काटा आरपार आला, ट्रेकिंगच्या जाड तळातून, नीट कळावं म्हणून सांगते, दोन बोटं लांब होता. पाऊण तास लागला ह्या कडेला. पाऊण तास, टेरेन दीड.

ओढ्यापाशी हात घालायच्या आधी काठीनं आपटून बघा, दगड उचलायचा असेल तर आपल्या बाजूनं उघडू नका, पलीकडची कड उचला. विंचू आहेत, आम्ही बघितला. घोणस पण ह्या भागात असते. अंधार पडायच्या आत बाहेर पडाच.

शेवटी पोचलो ते एका जुन्या मोटेच्या विहिरीपाशी. विहिरीला कठडा नाही, गवत वाढलंय, लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना घेऊन इथं येऊच नका, हा माझा शेवटचा शब्द. बाण इथं नाचायला लागला, बारा मीटर, चार मीटर, परत नऊ. झाडी आणि दगडी भिंत जवळ असली की सिग्नल आपटून येतो त्यामुळे असं होतं, त्याच्या मागं गोल गोल फिरू नका, दहा मीटरच्या आत आलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्याआधी साधा रिसीव्हर शंभर मीटरपर्यंत चुकायचा, ती काढल्यावर दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरनं ओरेगॉनच्या जंगलात पहिली बादली ठेवली आणि हा खेळ सुरू झाला. म्हणजे आकडे तुम्हाला विहिरीपर्यंत आणतील, दगडापर्यंत नाही. हिंट होती, पाणी पडायचं तिथं, गुडघ्याइतकं. आम्ही विहिरीच्या पायऱ्या बघतोय, कडेचे दगड बघतोय, काही नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, काय हुडकायलाव ताई. शेताचे मालक, साठीच्या पुढचे. मी खरं ते सांगितलं, डबा शोधतोय, त्यात वही असते, सही करायची आणि परत ठेवायचा. ते हसून म्हणाले, ते डबं व्हय, हाय की थारोळ्यात, पण तुमी तिकडनं कशाला आलाव, हिकडनं गाडीवाट हाय की. आणि बोट दाखवलं. विहिरीच्या दुसऱ्या अंगानं मुरुमाची कोरडी गाडीवाट, थेट वस्तीवरून डांबरी रस्त्याला. दहा मिनिटांची वाट. मला तिथं खाली बसावंसं वाटलं.

थारोळं म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं तो दगडी हौद. त्याच्या आतल्या बाजूला, बरोबर गुडघ्याइतक्या उंचीवर एक सुटा दगड आणि त्यामागं औषधाची गोल डबी, काळ्या टेपनं गुंडाळलेली. आत मुंग्या, झिपची पिशवी फाटलेली, लॉगचा कागद ओलसर पण वाचता येत होता. आणि त्यावर शेवटची सही, नीट ऐका, चार वर्षांपूर्वीची. पानावर तर त्यानंतर कितीतरी जणांनी सापडला म्हणून लॉग टाकलेत.

म्हणजे काय झालं ते मालकांच्याच बोलण्यातून कळलं. कोणीतरी आलं, विहिरीपर्यंत यायचा कंटाळा केला किंवा शोधून दमला, आणि रस्त्याकडेला बांधाच्या दगडात स्वतःचीच एक डबी टाकून सापडला म्हणून मोकळा झाला. ह्याला थ्रोडाउन म्हणतात आणि ह्यासारखा वाईट प्रकार ह्या खेळात नाही. मागून येणाऱ्या सगळ्यांना ती रस्त्यावरची डबी मिळाली, दोन मिनिटांत सापडला असं त्यांनी खुशाल लिहिलं, त्यांचा दोष नाही पण बाण कुठं दाखवतोय आणि डबी कुठं मिळाली एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. मग ती डबी पण गेली, गुरं राखणाऱ्या पोरांनी नेली म्हणाले, आणि लॉग मात्र राहिले. सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही, उलट मागच्याला तेच सगळ्यात कामाचं असतं. दुसऱ्याच्या कॅशच्या जागी आपला डबा ठेवायचा हक्क कोणाला नाही, ओनरला कळवा, दुरुस्ती हवी म्हणून लॉग टाका, तो बघेल.

विहिरीजवळ कोणीतरी खणलेलं पण दिसलं. कॅश पुरायचाच नाही हा नियम आहे, त्यामुळे कुठंही खणायची गरज पडत नाही, पडली असं वाटलं तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. मालक त्यावरून जरा नाराज होते, आणि बरोबर आहे त्यांचं, परवानगी त्यांनी डबी ठेवायला दिलीय, खड्डे पाडायला नाही.

त्यामुळे कोणत्याही कॅशचे तारे आणि वरवरचे लॉग बघून निघू नका. लॉगच्या तारखा बघा. ह्या भागात महिना कोणता हे टेरेनपेक्षा महत्त्वाचं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरचा लॉग, सापडलं नाहीवाला लॉग, लांबलचक चिडून लिहिलेला लॉग, हे तीन आधी वाचा. फोटो आहेत का बघा, आणि फोटोमागची जागा पानावरच्या वर्णनाशी जुळते का ते बघा. बांधामागं नेटवर्क येतं-जातं म्हणून नकाशा आणि कॅशचं पान दोन्ही ऑफलाइन उतरवून घ्या, अँड्रॉइडवर त्यासाठी सीजिओ नावाचं ॲप चांगलं चालतं. आणि शेतात जायच्या आधी वस्तीवर विचारा, शंभर टक्के विचारा, आम्ही फाट्याऐवजी वस्तीवर उतरून विचारलं असतं असं नाही म्हणणार कारण पानावर वस्तीचा उल्लेखच नाही, तो ओनरनं घालायला पाहिजे, मी त्याला लिहिलंय.

शहरातल्या कॅशबद्दल थोडंसं. मावशीला हा खेळ समजावताना मी म्हटलं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या) वेळी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना फिरतात ना, तसं गावभर ठरलेल्या जागा हुडकत फिरायचं, तिला लगेच कळलं. पण लोकांना दिसेल अशी डबी उचलताना सोलापुरात जपून. स्टेशन, मंदिर, बाजार अशा ठिकाणी बेवारस वस्तूची भीती खरी असते, कोणी विचारलं तर पळू नका, लपवू नका, फोनवर पान दाखवा आणि डबी उघडून दाखवा. स्वतः ठेवणार असाल तर पारदर्शक डबी घ्या आणि बाहेर मराठीत हा जिओकॅश आहे असं लिहा. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे, त्याच्या तटाच्या दगडात काही खुपसायचा विचारही करू नका. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर परिसरात शोधायला जाऊ नका, गड्ड्याच्या गर्दीत कोपरसुद्धा हलवता येत नाही. एप्रिल-मे पण नको, पारा चाळिसाच्या वर असतो आणि फोन उन्हात गरम होऊन बंद पडतो, मग बाण नाही आणि परतीचा नकाशाही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, बस्स.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडलला गेलो, भीमा-सीनेचा संगम, शके ९४० चा मराठी शिलालेख, सगळं निवांत झालं, रस्ता चांगला, काही अडचण नाही.

हिप्परग्याची डबी आम्ही जिथं होती तिथंच ठेवलीय. मुंग्या झटकल्या, नवी पिशवी घातली, कोरडी पट्टी जोडली, जुना कागद ओनरसाठी आतच आहे. आत पेन्सिल नाही, ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही, तेव्हा स्वतःची पेन्सिल न्या. वस्तीवरून गाडीवाट धरा. आणि मालक भेटले तर दोन मिनिटं थांबून बोला, डबी कोणी हलवली का हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.