पायाचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक गेलं : धारूर, कपिलधार, मांजरा धरण

दोन दिवस, दोन बाइका, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. जाताना लातूर–अंबाजोगाई–धारूर–तेलगाव–बीड, येताना कपिलधार–मांजरसुंबा–केज–लातूर. बाइक नीट चालवता येते आणि बॅग कशी बांधायची हे कळतं, असं धरून चालतो. कपिलधारबद्दल एवढंच सांगतो की धबधबा भरून पडतोय, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी गर्दी नव्हती, जाऊन या. बाकी सगळं केजच्या पुढच्या दीड किलोमीटरबद्दल आहे. खांदा अजून ठणकतोय, त्यामुळे भाषा जरा तिखट लागली तर समजून घ्या.

माझी बाइक दीडशे सीसीची, 2015 ची, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी सोय) वगैरे काही नाही. मेव्हण्याची दोन वर्षांची सव्वाशे. पहिल्या दिवशी धारूरचा घाट तो पाय ब्रेकवरून न काढता उतरला. तेलगावला चहाला थांबलो तेव्हा मागच्या ड्रमला बोट लावलं तर चटका बसला. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या डांबरावर थांबवायचं खरं काम पुढचं चाकच करतं. घाटात खालचा गिअर, हाताचा म्हणजे पुढचा ब्रेक, पायाचा म्हणजे मागचा नुसता जोडीला. हे त्याला मी ऐटीत सांगितलं. इथपर्यंत मी शहाणा होतो.

दुसऱ्या दिवशी केजला कळलं की मांजरा धरण भरलंय. 2016 साली याच धरणात खडखडाट झाला आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्यामुळे मांजरा भरलं म्हटलं की लातूरकराचं हँडल आपोआप तिकडं वळतं. मोबाइलच्या नकाशात एक जवळचा रस्ता दिसला, ठळक रेघ, नाव बिव सगळं. प्रत्यक्षात ती पांदण. आधी थोडा मुरूम टाकलेला, मग एकदम काळी माती. रात्री पाऊस होऊन गेलेला. दोन्ही बाजूंना सोयाबीन, बाइक वळवायला जागा नाही.

कपिलधारपासून आम्ही बाइका बदलल्या होत्या, म्हणजे सव्वाशे माझ्याकडे. मेव्हणा मोबाइलवर बर्फातल्या बाइकांचे (मागं चाकाऐवजी फिरता पट्टा असतो त्या) व्हिडिओ बघत बसणारा. मागून ओरडला, "दाजी, नुसता पाय वापरा! बर्फातल्या गाडीला पुढं चाकच नसतं, घसरपट्टी असती. ब्रेक सगळा मागच्या पट्ट्याला!"

बोलला ते खरंच होतं. मागचं चाक लॉक झालं तर शेपूट हलतं, सावरता येतं. पुढचं लॉक झालं की हँडल हातात राहतं आणि आपण खाली. मलाही हे माहीत होतं, म्हणून एका उतारावर हात लिव्हरवरून काढून घेतला आणि पाय दाबला. पुढचं चाक डावीकडं सटकलं आणि मी उजव्या खांद्यावर.

पाच मिनिटं कळेना, हात लावलाच नाही तर पुढचं चाक धरलं कुणी? मग पुढच्या मडगार्डवरचं स्टिकर दिसलं, अर्धं चिखलाखाली. कॉम्बी ब्रेक. 2019 मध्ये सव्वाशेपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस नसेल तर हे सक्तीचं झालं. पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. गाडीच्या मालकाला दोन वर्षांत याचा पत्ता नव्हता.

तेव्हा निघायच्या आधी घरीच तपासा. गाडी मेन स्टँडवर लावा, एकाने मागे दाबून पुढचं चाक उचलायचं, हाताने फिरवायचं, दुसऱ्याने पायाचा ब्रेक दाबायचा. पुढचं चाक थांबलं तर चिखलात तुमच्याकडे निव्वळ मागचा ब्रेक नाही, हे मनात पक्कं करा. पायाचा ब्रेक पुढच्याला जोडणारी केबल सोडून देणारे मेकॅनिक भेटतील. सोडू देऊ नका, डांबरावर तीच केबल जीव वाचवते. एबीएसवाल्यांनीही माज करू नये. बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं.

आणि पायाच्या ब्रेकची दुसरी गोची कुणी सांगत नाही. काळ्या मातीत दहा पावलं चाललात की बुटाखाली चार बोटं चिखल बसतो. मग पेडल किती दबलं ते कळतच नाही, एकदम दाबलं जातं. शिवाय गाडी कलली की उजवा पाय जमिनीवर टेकवावा लागतो, म्हणजे पेडल सुटलं आणि उरला फक्त हात. बर्फातले काही जण मागच्या पट्ट्याचा ब्रेक हातावरच घेतात, तो याचसाठी. (ही माहिती मेव्हण्याने पडल्यानंतर दिली.)

माझा निकाल: काळीत हातही नको, पायही नको. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनच गाडी धरून ठेवतं. थांबायचंच झालं तर चढाला थांबा. मडगार्डमधला चिखल दर शंभर पावलांवर काठीने काढा, नाहीतर चाक ब्रेकशिवायच जाम होतं. आमचं तसंच झालं.

शेवटी एक ट्रॅक्टरवाले मामा आले. "काय करायलाव पाव्हणं? हितून पावसात बैलबी जात न्हाई." टोचन लावायचे हजार सांगितले, सहाशेवर आले. अंतर फार तर तीनशे पावलं. दोर आमचा. पुढं केजच्या वॉशिंगवाल्याने काळी माती बघून साठाचे दीडशे केले. त्याच्याशी मी भांडलो नाही, कारण त्याने पाऊण तास खिळ्याने ड्रममागचा चिखल खरवडला. पाण्याने धुतल्यावर पहिले दोन-तीनशे मीटर ब्रेक हलके दाबत चला, ओला ड्रम धरत नाही.

धरण पाहिलंच नाही. अंधार पडला होता.