डनबार हायस्कूल: पगारपत्रकानं घडवलेली शाळा

१९२१ च्या जून महिन्यात अमेरिकेत तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना पीएच.डी. मिळाली. त्याआधी त्या देशात एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला ती मिळाली नव्हती. जॉर्जियाना सिम्पसन शिकागो विद्यापीठातून, सेडी मॉसेल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आणि ईव्हा डाइक्स रॅडक्लिफ या महिला कॉलेजातून. संस्था तीन, विषय तीन, पण हायस्कूल एकच. सिम्पसन तिथं शिकवायच्या, मॉसेल तिथं शिकल्या होत्या, आणि डाइक्सबाई तिथंच शिकून पुढं तिथंच शिक्षिका झाल्या. चौथी पीएच.डी. १९२५ मध्ये सोरबोन विद्यापीठातून ॲना ज्युलिया कूपर यांना मिळाली. त्या याच शाळेच्या माजी मुख्याध्यापिका.

ही वॉशिंग्टन शहरातली डनबार हायस्कूल. सरकारी शाळा, फी नाही, आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या घुमटापासून जेमतेम मैल-दीड मैलावर. तिच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण मोठ्या माजी विद्यार्थ्यांची यादी देऊन मोकळे होतात. मला त्या यादीपेक्षा ती तयार कशी झाली, यात जास्त रस आहे.

वॉशिंग्टनमधली गुलामगिरी १८६२ मध्ये कायद्यानं संपली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७० मध्ये, फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांसाठी हायस्कूलचे वर्ग सुरू झाले. अशा मुलांसाठीचं देशातलं हे पहिलं सरकारी हायस्कूल. सुरुवातीच्या मुख्याध्यापकांमध्ये मेरी जेन पॅटरसन होत्या (ओबर्लिन कॉलेजातून १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या) आणि वर्षभर रिचर्ड ग्रीनर होते, म्हणजे हार्वर्ड कॉलेजातून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. १८९१ मध्ये शाळेला एम स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळाली आणि ती ‘एम स्ट्रीट हायस्कूल’ झाली. १९१६ मध्ये नव्या, मोठ्या इमारतीत गेल्यावर कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव तिला देण्यात आलं.

तळघरातल्या शाळेत हार्वर्डचा पदवीधर कसा काय आला? इथंच सगळी मेख आहे. वॉशिंग्टन हे कुठल्या राज्यात मोडत नाही, त्याचा कारभार थेट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या हाताखाली. त्यामुळं गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असल्या तरी शिक्षकांची वेतनश्रेणी एकच होती. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय शिक्षकाला गोऱ्या शिक्षकापेक्षा कितीतरी कमी पगार मिळायचा. आता दुसरी बाजू बघा. कितीही शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या विद्यापीठांत प्राध्यापकी मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. मग असा माणूस जाणार कुठं? जिथं पूर्ण पगार आणि पक्की नोकरी, तिथं. कार्टर वुडसन हे या शाळेत फ्रेंच, स्पॅनिश, इतिहास शिकवत होते आणि ती नोकरी सांभाळूनच त्यांनी १९१२ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. केली. पुढं १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह त्यांनीच सुरू केला. जो माणूस विद्यापीठात हवा होता, तो हायस्कूलच्या पोरांच्या वह्या तपासत होता. अन्याय त्या शिक्षकांवर झाला, फायदा पोरांना मिळाला.

‘शाळा चालली कारण पोरं खात्यापित्या घरची होती’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. १८९२-९३ सालच्या नोंदींत ज्या पालकांचे व्यवसाय लिहिलेले आहेत, त्यांत ५१ मजूर आहेत आणि डॉक्टर एक. १८९९ मध्ये शहरातल्या हायस्कुलांची एकत्र परीक्षा झाली तेव्हा एम स्ट्रीटच्या मुलांनी गोऱ्यांच्या तीनपैकी दोन शाळांना मागं टाकलं. वर्णभेद शाळेच्या आतही शिरला होता, उजळ रंगाच्या घरांचा तिथं वरचष्मा होता, ही तक्रार मात्र जुनी आहे आणि तिच्याकडं डोळेझाक करू नये.

कूपरबाईंचं प्रकरण शाळेचा स्वभाव नीट दाखवतं. जन्म १८५८ चा, गुलामगिरीतला. १९०२ ते १९०६ त्या मुख्याध्यापिका होत्या. लॅटिनसह कॉलेजच्या तयारीचा पूर्ण अभ्यासक्रम त्यांनी ठामपणे राखला आणि मुलं हार्वर्ड, येल, ब्राउनपर्यंत पोचवली. वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याला या मुलांसाठी हातकामाचं शिक्षण पुरेसं वाटत होतं. (त्यासाठी १९०२ मध्ये आर्मस्ट्राँग ही वेगळी शाळा निघालीच होती. ड्यूक एलिंग्टन तिथला.) वाद पेटला आणि १९०६ मध्ये बाईंची नेमणूक पुढं चालू ठेवली गेली नाही. १९१० मध्ये त्या त्याच शाळेत परतल्या, लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. सोरबोनच्या पदवीसाठी पॅरिसला राहायचं तर रजा हवी, आणि रजेला आडकाठी. त्या गेल्या, आणि साठ दिवसांत हजर न झाल्यास नोकरी जाईल असा निरोप आल्यावर मुदतीच्या आत येऊन वर्गात उभ्या राहिल्या. तेव्हा वय पासष्टीच्या पुढं, आणि घरात नात्यातली पाच पोरकी मुलं सांभाळायला.

अशा शिक्षकांच्या हाताखालून पोरं थेट चांगल्या कॉलेजांत गेली. मॅसॅच्युसेट्समधलं ॲमहर्स्ट कॉलेज हे त्यातलं ठरलेलं ठिकाण. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन तिथून १९१५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. विल्यम हेस्टी आणि माँटेग्यू कॉब १९२५ मध्ये, चार्ल्स ड्र्यू १९२६ मध्ये. हेस्टी पुढं देशातले पहिले कृष्णवर्णीय फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश झाले. ड्र्यूंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्तद्रव (प्लाझ्मा) मोठ्या प्रमाणावर साठवण्याची पद्धत बसवली. एकाच शाळेतून एकाच छोट्या कॉलेजात इतकी माणसं जातात तेव्हा तो योगायोग नसतो. मागच्यांनी नाव राखलेलं असतं, म्हणून पुढच्याच्या अर्जाला वजन येतं. रॉबर्ट वीव्हर (अमेरिकेच्या मंत्रिमंडळातले पहिले कृष्णवर्णीय, १९६६) आणि सिनेटर एडवर्ड ब्रुक हेही डनबारचेच. नौदल अकादमीतून पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय वेस्ली ब्राउन, १९४९, तेही.

ह्यूस्टन वकील झाले, हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदाशाखेचे प्रमुख झाले, आणि पुढं सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थरगुड मार्शल त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५० मध्ये वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया भागात सूझा ज्युनियर हायस्कूल ही नवीकोरी शाळा उघडली आणि अकरा कृष्णवर्णीय मुलांना दारातून परत पाठवलं गेलं. शाळांतल्या भेदाविरुद्ध लढणाऱ्या पालकांचं प्रकरण त्याआधी ह्यूस्टन बघत होते. ते आजारी पडल्यावर जेम्स नॅब्रिट यांनी ते पुढं नेलं. ह्यूस्टन एप्रिल १९५० मध्येच गेले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १७ मे १९५४ रोजी लागला आणि राजधानीतल्या शाळांची वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरली.

निकाल योग्यच होता, त्यात शंका नको. पण अंमलबजावणी कशी झाली ते बघण्यासारखं आहे. तोवर शहरातल्या कुठल्याही कोपऱ्यातलं कृष्णवर्णीय पोर डनबार निवडू शकत होतं. ज्याला कॉलेजला जायचंय तो लांबून पायपीट करूनही यायचा. १९५४ च्या शरद ऋतूपासून घर ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीतली, असा नियम लागू झाला. डनबारच्या वाट्याला भोवतालच्या चार गल्ल्या आल्या, आणि त्या गल्ल्या शहरातल्या सर्वात गरीब भागातल्या. जुने शिक्षक निवृत्त होत गेले, नव्या पीएच.डी.वाल्यांना हळूहळू विद्यापीठांची दारं उघडली. ते उघडायलाच हवं होतं. मात्र लॅटिन आणि कॉलेजच्या तयारीवर बेतलेल्या वर्गात आता वाचन कच्चं राहिलेली मुलं आली आणि त्यांच्यासाठी जादा शिक्षक, जादा तास असं काहीच सोबत आलं नाही. जी शाळा ८० वर्षांत घडली ती काही वर्षांत नावापुरती उरली.

त्यात इमारतीचा घोळ. १९७७ मध्ये १९१६ ची इमारत पाडली, माजी विद्यार्थ्यांचा विरोध असताना. नवी काँक्रीटची इमारत तेव्हाच्या फॅशनप्रमाणं ‘ओपन प्लॅन’ होती, म्हणजे वर्गांना पूर्ण भिंतीच नाहीत. कल्पना अशी की मुलं मोकळेपणानं गटांत शिकतील. प्रत्यक्षात शेजारच्या तासाचा आवाज सरळ आत, आणि शिक्षक कपाटं-फळे आडवे लावून आडोसा करणार. एका वेळी अनेक तास सुरू असलेल्या हायस्कुलात हे चालत नाही, हे कुठल्याही शिक्षकानं पाच मिनिटांत सांगितलं असतं. तीही इमारत पाडावी लागली. २०१३ मध्ये सुमारे १२ कोटी डॉलर खर्चून तिसरी बांधली. तिच्या फरशीत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या नावांच्या पाट्या बसवल्या आहेत, काही कोऱ्या ठेवून.

हद्दीचा नियम डनबारला आजही आहे. शहरभरातून निवडून मुलं घेणारं सरकारी हायस्कूल हवं, ही गरज काही संपली नाही. म्हणून १९८१ मध्ये बेंजामिन बॅनेकर हायस्कूल त्या पद्धतीनं सुरू झालं. २०२१ मध्ये ते शॉ भागातल्या नव्या इमारतीत आलं, डनबारपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.