टायोगा पास ते डेथ व्हॅली, आणि तो पिवळा दिवा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कचे फोटो आधीच टाकलेत, त्यामुळे त्याबद्दल इथे पुन्हा लिहीत नाही. सुंदर होतं, गर्दी अफाट होती, आणि खाली व्हॅलीत गाडी लावायला जागा मिळेना म्हणून आई-बाबांना जे ताटकळावं लागलं ते मला अजून सलतंय. मला लिहायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. टायोगा पासची खिंड उतरून हायवे ३९५ धरला, तिथून डेथ व्हॅलीच्या वाळवंटापर्यंत आमच्या हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा जळत होता आणि त्यानं माझं डोकं खाल्लं.

टायोगा पास ९,९४३ फुटांवर आहे. तो ओलांडला की रस्ता मोनो लेकच्या दिशेनं भराभर खाली उतरतो आणि ली व्हायनिंग नावाचं चिमुकलं गाव लागतं. मोटेल साधंच होतं, हीटर रात्रभर खडखडत होता, पण मालकीणबाईंनी न मागता आईसाठी जास्तीचं ब्लँकेट आणून दिलं. सकाळी उणे सहा-सात सेल्सियस. काचेवरचं दहिवर खरवडून गाडी सुरू केली, तर घोड्याच्या नालासारखं ते चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह, मिनिटभर लुकलुकलं आणि मग तसंच लागून राहिलं.

बाबा पुढे बसले होते. त्यांनी विचारलं, "हवा कमी आहे का गं?" इतका साधा प्रश्न, आणि गाडीकडे त्याचं उत्तर नव्हतं.

हा दिवा दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. सुरुवातीपासून स्थिर लागला तर एखाद्या टायरमधली हवा कमी आहे. आधी लुकलुकून मग स्थिर झाला तर टायरची नव्हे, हवा मोजणाऱ्या यंत्रणेचीच तक्रार आहे. लुकलुकणं संपल्यावर मात्र दोन्ही दिवे दिसायला अगदी सारखे. त्या मिनिटभरात तुम्ही डिकीत बॅगा ठेवत असाल तर काय झालं ते कळणारच नाही. मी स्टीअरिंगवर होते, म्हणून मला दिसलं.

मुळात हा दिवा गाडीत आला तो माणसांचे जीव गेल्यामुळे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत फायरस्टोनच्या टायरांचा वरचा थर सुटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याचे अपघात झाले. २००० साली लाखो टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी ट्रेड (TREAD) ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमानुसार सप्टेंबर २००७ पासून इथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, सक्तीची झाली. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. मला हा नियम मनापासून पटतो. पण त्याच नियमानं कंपन्यांना मुभाही दिली, की बिघाडासाठी वेगळा दिवा नको, तोच दिवा ६० ते ९० सेकंद लुकलुकवला तरी चालेल. एक दिवा वाचला. आणि उणे सात डिग्रीत, म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन निघालेल्या माणसानं सेकंद मोजत बसायचं.

गावातल्या पंपावर हवेचं मशीन पैसे मागत होतं. कॅलिफोर्नियात २००० सालापासून कायदा आहे: पेट्रोल भरलं तर हवा आणि पाणी फुकट द्यायचं. काउंटरवरच्या मुलाला हे सांगावं लागलं, तेव्हा त्यानं तोंड वाकडं करून बटण दाबलं. मशीनच्या नळीला दाब मोजायचं गेजच नव्हतं. माझ्याकडे पेनासारखं छोटं गेज होतं, म्हणून निभावलं. पुढची दोन्ही चाकं ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागची ३२.

घरून निघताना पुढे ३५ आणि मागे ३३ होती. थंडीत हवा आकसते, ढोबळमानानं दर दहा डिग्री फॅरनहाइटला एक पीएसआय. पण उंचावर बाहेरची हवा विरळ असते, त्यामुळे गेजचा आकडा उलट थोडा चढतो. दोन्हींचं एकमेकांत बरंचसं वजा होऊन इतकंच कमी दिसत होतं. ३५ च्या २५ टक्के खाली म्हणजे साधारण २६. तिथवर एकही चाक गेलेलं नव्हतं, म्हणजे टायर ठीक होते आणि आजारी होता तो चाकातला, हवेचा दाब मोजणारा सेन्सर.

हे कळूनही माझी धाकधूक गेली नाही. आमच्या गाडीत चार चाकांचे वेगळे आकडे दिसत नाहीत, एवढा एकच दिवा आहे. तो आधीच जळत असेल तर वाटेत खरोखर पंक्चर झाल्यावर तो आणखी काय सांगणार? एक सेन्सर गेला, की आमच्यासाठी चारही चाकं मुकी झाली. आणि पुढे होती डेथ व्हॅली.

पुढच्या एका गावात मोठं, चकाचक टायरचं दुकान दिसलं, तिथे गेलो. गाडीला हातही न लावता काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, "चारही सेन्सर बदलायचे, प्रोग्रॅमिंग वेगळं." आकडा पाचशे डॉलरच्या वर. वर हेही ऐकवलं, की असं चालवणं धोक्याचं आहे, सोबत वयस्कर मंडळी आहेत ना. आई-बाबांचं वय पुढे करून मला घाबरवलं, याचा मला अतोनात राग आला. आम्ही निघालो.

बिशपमध्ये मात्र मुख्य रस्त्यावरून आत वळल्यावर दोनच गाड्या मावतील असं एक गॅरेज सापडलं. तिथल्या माणसानं आधी विचारलं कुठे निघालात, आणि मग आतून मोबाइलपेक्षा थोडं मोठं एक यंत्र आणलं. ते एकेका चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरायचं, आतला सेन्सर जागा होतो आणि आपला नंबर, दाब, तापमान रेडिओवरून कळवतो. पुढचं डावं बोललं. पुढचं उजवं बोललं. मागचं उजवंही. मागच्या डाव्यापाशी यंत्र गप्प. त्यानं मला गाडी अर्धं चाक पुढे घ्यायला लावलं, पुन्हा धरलं. गप्पच. बाबा चष्मा कपाळावर सारून शेजारी वाकून बघत होते. त्यानं यंत्र त्यांच्यासमोर धरलं आणि काय दिसतंय ते सावकाश समजावलं.

"बॅटरी संपली," तो म्हणाला. गाडी २०१३ ची, सेन्सरही तेव्हाचे. आत नाण्यासारखी बॅटरी असते, ती राळेत कायमची बंद केलेली, त्यामुळे एकटी बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. ती पाच ते दहा वर्षं चालते. आमची त्याहून जास्तच चालली होती.

हायब्रिडवाल्यांना हे हमखास भोगावं लागतं, असं मला आता वाटतं. गाडी घेताना सगळे मोठ्या बॅटरीबद्दल विचारतात. आठ वर्षांत जाईल का, बदलायला किती लागतील? ती बिचारी चालत राहते, इंजिनही चालत राहतं, म्हणून आपण गाडी दहा-बारा वर्षं विकत नाही. आणि मग चाकातल्या त्या चिमुकल्या बॅटऱ्या एकामागून एक माना टाकतात. शोरूममध्ये याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या गाडीचा सेन्सर त्याच्याकडे नव्हता, दुसऱ्या दिवशी मागवावा लागला असता. थांबा असा आग्रह त्यानं केला नाही. हातातल्या गेजनं चारही चाकं तपासली आणि खडूनं प्रत्येक टायरवर आकडा लिहिला: ३८, ३८, ३६, ३६. "चालून गरम झालेत म्हणून जास्त दिसतात. खाली डेथ व्हॅलीत आणखी वाढतील. गरम टायरमधली हवा सोडायची नाही. सकाळी गाडी हलवायच्या आधी बघायची." पैसे विचारले तर नुसता हात हलवला. दिवाळी तोंडावर होती, आईनं चकल्यांचा डबा पुढे केला. त्यानं एक खाल्ली आणि आतल्या पोऱ्याला हाक मारून त्यालाही घ्यायला लावली.

लोन पाइन सोडलं की पॅनामिंट स्प्रिंग्ज येईपर्यंत जवळजवळ पन्नास मैल फारशी वस्ती नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. दिवा जळतच होता, पण माझा हात आता स्टीअरिंगवर सैल होता. प्रत्येक थांब्यावर बाबा गेज घेऊन उतरायचे आणि आकडे मोठ्यानं सांगायचे. डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरला, समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, पुढची चाकं ४० दाखवत होती. खडूचे आकडे तोवर अर्धे पुसले होते. डेथ व्हॅली स्वतः? ऊन, मीठ, आणि पाण्याची बाटली विकत घेताना डोळ्यात येणारं पाणी.

घरी आल्यावर चारही सेन्सर बदलून घेतले, कारण टायर तसेही झिजले होते. एकाच वयाच्या सेन्सरांसाठी दरवेळी टायर रिमवरून काढायचा आणि पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे द्यायचे, त्यापेक्षा हे बरं. पुण्याच्या भावानं हे ऐकून लगेच फर्मान सोडलं, "ताई, येताना माझ्या गाडीसाठीही घेऊन ये." ते जमणार नाही. इथल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, तिकडच्या सहसा ४३३ वर, त्याच्या गाडीला इथले ऐकूच येणार नाहीत. त्याच्या नव्या हायब्रिडमध्ये स्टेपनीही नाही. २०२० मध्ये भारतात नियम बदलला: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे त्याच्यासाठी तो दिवा माझ्यापेक्षाही मोलाचा. वरंधा घाटात रात्री दिवा लागला आणि तो टायरचा की सेन्सरचा हेच कळलं नाही, तर डिकीत किटमधल्या बाटलीशिवाय काही नाही. त्यातलं द्रव्य टायरमध्ये सोडलं की काही वेळा सेन्सरही चिकटून बंद पडतो. त्याला मी चांगलं गेज घ्यायला लावलंय.

आणि माझ्यापुरतं ठरलंय. पुढच्या गाडीत चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसत नसतील, तर मायलेज कितीही सांगोत, मी सही करणार नाही.