आठ अँटेना आणि हातभर भिंत

ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत वायफायचं काम निघालं की ड्रिल मशीन मी बहुतेक वेळा गाडीतच ठेवतो. हातभर जाड दगडी भिंत. भोक पाडायला घरचे तयार नसतात आणि झालेच तर बिट जळतं.

जनकगंजाकडच्या एका काकांचा फोन आला. सूनबाईंचं ऑफिसचं काम मागच्या माडीवर, मीटिंग सारखी तुटते. काकांनी इलाज आधीच केला होता: आठ अँटेनांचा महागडा राउटर. ‘अरे, दुकानदार म्हणाला तीन मजले पार करेल!’ आणि तो ठेवला होता दिवाणखान्यात, लोखंडी कपाटाला टेकवून.

फोनवर सिग्नलची ताकद मोजली. ती डीबीएममध्ये, उणे आकड्यात येते; शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. दिवाणखान्यात उणे 45 डीबीएम, माडीवर उणे 84. व्हिडिओ कॉल धड चालायला उणे 67 च्या आसपास तरी लागतं. मधला फरक 39 डीबीचा, म्हणजे सिग्नल जवळजवळ 8,000 पट क्षीण. कपाटापासून हलवून थोडं सुधारलं, पण मधे दोन दगडी भिंती. वायफायच्या पट्ट्यांपैकी 5 गीगाहर्ट्‌झ त्यांत पार मरतो, 2.4 थोडा तग धरतो, तर त्यात गल्लीभरचे राउटर एकमेकांवर चढलेले. त्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. शिवाय राउटर कितीही ओरडला तरी फोनची हाक त्याच्यापर्यंत पोचायला हवी ना! फोनला काही आठ अँटेना नसतात.

‘मग रिपीटर लावू?’ काका म्हणाले. म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुढे फेकणारा डबा. माडीवर सिग्नलच मेलेला, तिथे तो काय रिपीट करणार?

वाट दाखवली काकूंनी. जिन्यालगत बंद पडलेल्या लँडलाइनची वायर भिंतीतून थेट माडीवर गेलेली. तिच्या टोकाला कॅट-6, म्हणजे नेटवर्कची, केबल टेपने घट्ट बांधली, कनेक्टर न लावताच, कारण तो त्या भोकातून जाणार नव्हता. वरून मी हळूहळू ओढतोय, खालून काकू केबलला साबणाचं पाणी लावतायत. मधे एकदा अडकली, काळजात धस्स झालं. थोडी मागे घेऊन पुन्हा ओढली, तर आली सरसर.

खाली कंपनीचा फायबरचा डबा होताच, त्याचंच वायफाय पुढच्या खोल्यांना पुरे. काकांचा राउटर वर नेला, अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे केबलमधून आलेलं नेट त्याने नुसतं वायफायने पसरवायचं), नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच. माडीवर उणे 43.

बिल झालं केबलचं, दोन कनेक्टरचं आणि मजुरीचं. काकांनी त्यातही घासाघीस केली. राउटरच्या दुकानात मात्र केली नव्हती म्हणे.