मध्यम आकाराची एकच चेनसॉ घ्यायची असेल तर

एकच चेनसॉ घ्यायची आणि पडलेले झाड मोकळे करण्यापासून सरपणाचे तुकडे पाडण्यापर्यंतची सगळी कामे तिच्यावर भागवायची, असे ज्याने ठरवले आहे त्याने आधी हे पाहावे की वर्षभरात आपल्यासमोर येणारे बहुतेक लाकूड किती जाडीचे असते. पहिली चेनसॉ घेताना मी नेमके उलट केले. कधीकाळी कापावा लागेल असा सर्वांत जाड बुंधा डोळ्यांपुढे ठेवून मी २० इंची बारचे (बार म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) अवजड यंत्र घेतले. तसा बुंधा दोन वर्षांत एकदाच वाट्याला आला आणि उरलेला सारा काळ मनगटाएवढ्या फांद्या नि मांडीएवढे ओंडके कापताना ते ओझे वागवण्यात गेला. दुपारनंतर हात भरून यायचे, आणि थकलेल्या हातात फिरती साखळी असणे किती धोक्याचे आहे हे मला त्या दिवसांत नीट कळले.

साधारणपणे ४५ ते ६० सीसी इंजिनाच्या यंत्रांना मध्यम आकाराची चेनसॉ म्हणतात. त्याहून लहान यंत्रे छाटणीला उत्तम, पण जाड कडक लाकडात ती दमतात. ७० सीसीच्या पुढची यंत्रे मोठी झाडे रोज पाडणाऱ्यांसाठी असतात. सर्व कामांसाठी एकच यंत्र हवे असेल तर ५० सीसीच्या आसपास थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र निव्वळ सीसीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. हुस्क्वार्ना ४५५ रँचर हे यंत्र ५५.५ सीसीचे आहे आणि त्याची ताकद २.६ किलोवॅट आहे. स्टील (Stihl) कंपनीचे एमएस २६१ हे ५०.२ सीसीचे असून ३.० किलोवॅट ताकद देते, आणि तरीही ते सुमारे एक किलोने हलके आहे. लहान इंजिन जास्त ताकद देते याचे कारण त्याची रचना अधिक वेगाने फिरण्यासाठी केलेली असते. पहिले यंत्र घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी आहे, तर दुसरे दिवसभर जंगलात काम करणाऱ्यांसाठी बनवलेले आहे, आणि किमतीतला फरकही त्यामुळेच पडतो. व्यावसायिक यंत्रांत क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, मॅग्नेशियमचे असते आणि त्यावर सिलिंडर बोल्टांनी बसवलेला असतो. बिघाड झालाच तर तो सुटा काढून बदलता येतो. घरगुती वर्गातल्या अनेक यंत्रांत इंजिन प्लास्टिकच्या आवरणात बसवलेले असते आणि त्याच दुरुस्तीसाठी जवळजवळ सगळे यंत्र उकलावे लागते. वर्षातून चारदोन दिवस काम असेल तर घरगुती वर्ग पुरेसा आहे. दर आठवड्याला काम असेल तर दोन किलोवॅट-तीन किलोवॅटच्या हिशेबापेक्षा, प्रत्येक किलो वजनामागे किती ताकद मिळते हा हिशेब मांडावा.

वजनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माहितीपत्रकातले वजन बार, साखळी, पेट्रोल आणि तेल यांच्याशिवाय दिलेले असते. ४.९ किलोचे यंत्र प्रत्यक्ष कामाला लागते तेव्हा सहा किलोंच्या वर गेलेले असते. म्हणून यंत्र निवडताना बार चढवलेले आणि टाक्या भरलेले यंत्रच हातात घ्यावे. पुढच्या दांड्याने ते उचलल्यावर बारचे टोक किंचित खाली झुकले तर तोल बरोबर आहे असे समजावे; ते फार खाली ओढले जात असेल तर बार त्या यंत्राला लांब आहे. मग हातमोजे घालून पाहावे की पुढच्या हाताच्या मनगटाला ब्रेकचा फलक सहज लागतो का, बंद करण्याचा खटका न बघता अंगठ्याखाली येतो का, आणि एअर फिल्टरचे झाकण कुठल्याही पान्याशिवाय उघडते का. साखळी ताणण्याचा स्क्रू बाजूला असावा आणि बारच्या नटा झाकणातच अडकून राहणाऱ्या असाव्यात. पाचोळ्यात हरवलेली नट शोधत गुडघ्यांवर बसलेला माणूस या बारीकशा सोयीची किंमत जाणतो.

बारच्या लांबीबाबत माझा सल्ला १६ इंचांचा आहे, फार तर १८. आडवा पडलेला २५ इंच जाडीचा ओंडकाही १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापता येतो, त्यामुळे लांबीचा मोह सोडताना वाटते तेवढे काही गमवावे लागत नाही. लांब बार मात्र रोज काहीतरी घेत राहतो. लाकडात एका वेळी जास्त दात रुततात, इंजिनावर ताण येतो, आणि टोक नकळत मातीला लागते. ते टोक दुसऱ्या फांदीला लागले तर त्याहून वाईट होते, कारण टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागाला लाकूड लागले की करवत क्षणार्धात उसळून माणसाच्या अंगावर येते. असा उलटा हिसका बसताच साखळी थांबवण्यासाठीच पुढचा ब्रेक असतो. ज्या यंत्राचा ब्रेक ढिला किंवा अडखळणारा आहे ते कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.

साखळीचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि निवड करताना बहुतेकजण तिकडेच काणाडोळा करतात. ५० सीसीच्या यंत्राला ०.३२५ इंच पिचची साखळी शोभते. लागोपाठच्या तीन रिवेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे केले की पिच मिळतो. ३/८ इंची साखळी जास्त रुंद खाच पाडते आणि तिला जास्त ताकद लागते, म्हणून ती ६० सीसीच्या पुढेच ठीक. दातांचा आकारही विचारून घ्यावा. टोकदार कोपऱ्याचे फुल चिझल दात स्वच्छ लाकडात झपाट्याने चालतात, पण साल मातीने भरलेली असेल तर त्यांची धार लवकर जाते. गोलसर कोपऱ्याचे सेमी चिझल दात थोडे सावकाश कापतात, पण धार टिकवतात. सर्व कामांच्या यंत्राला मिळेल ते लाकूड कापावे लागते, म्हणून मी सेमी चिझलच लावतो. या दातांची कल्पना जिथून आली ती गोष्ट मला फार आवडते: १९४६ साली जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी डावीकडे आणि उजवीकडे आलटूनपालटून कुरतडताना पाहिली, आणि त्यावरून आजच्या साखळीचे डावे-उजवे दात घडले.

धार गेली हे भुशावरून कळते. धार चांगली असेल तेव्हा बाहेर पडणारे लाकूड तांदळाच्या दाण्याहून मोठ्या चपट्या कपच्यांचे असते आणि यंत्र स्वतःच्या वजनाने खाली उतरते. धार गेल्यावर पिठासारखी पूड पडू लागते, हात नकळत दाब देऊ लागतो आणि बारजवळ जळका वास येतो. तिथेच थांबून ४.८ मिलिमीटरची गोल कानस काढावी, दाताच्या वरच्या बाजूशी ३० अंशांचा कोन धरावा आणि आतून बाहेरच्या दिशेने प्रत्येक दाताला सारख्याच दोन-तीन ओढी द्याव्यात. १६ इंची साखळीला सुमारे ३३ दात असतात, २० इंचीला ४० च्या आसपास. रोज संध्याकाळी कानस घेऊन बसणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

बॅटरीच्या यंत्रांबद्दल थोडक्यात: काम घराभोवतीचे आणि अर्ध्या-पाऊण तासाचे असेल तर ती शांत, बिनधुराची आणि खरोखर चांगली आहेत, दिवसभर वीज नसलेल्या जागी काम असेल तर पेट्रोलचेच यंत्र घ्यावे.

पेट्रोलच्या यंत्रात ५०:१ हे प्रमाण, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, बहुतेक आधुनिक यंत्रांना चालते. तरी पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. मी एकदा मिश्रण टाकीत तसेच ठेवून यंत्र सहा महिने बाजूला ठेवले. नंतर दोरी ओढून ओढून खांदा दुखला, पण इंजिन काही पकडेना. कार्ब्युरेटर उघडल्यावर आत चिकट पिवळसर थर बसलेला दिसला आणि त्याचे पडदे ताठ झालेले होते. तेव्हापासून काम संपले की मी टाकी रिकामी करतो आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत ते चालू ठेवतो. मिश्रण स्वतः जुळवून घेणारे इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर आता व्यावसायिक यंत्रांत मिळतात; त्यामुळे स्क्रू फिरवण्याची कटकट जाते, पण शिळ्या पेट्रोलवर त्यांचाही इलाज चालत नाही.

आज माझ्याकडे ५० सीसीचे यंत्र आहे, १६ इंची बार आणि सेमी चिझलच्या दोन साखळ्या आहेत. कामाला निघताना एक यंत्रावर असते आणि धार लावलेली दुसरी पिशवीत, कानस व पान्याच्या शेजारी.