क्रँक अखेर फिरला (मॉरिस मायनर गाडी, 1098 सीसी इंजिन)

मंडळी, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) फिरला! पुलीच्या टोकाला दोन बोटं लावली आणि कुठेही न अडकता अख्खा फेरा. अकरा दिवस डोकं खाल्लंय ह्याने, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या वेळी क्रँकच्या बेअरिंगचे नवे शेल (अर्धगोल पत्रे) बसले होते तिथे थांबलो होतो. पुढची आणि मागची कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारा तुकडा) ठरलेल्या जोराने कसली तोवर क्रँक मस्त फिरत होता, मधली 60 फूट-पाउंडला कसली की जाम, हलेचना. ए-सीरीजला (म्हणजे ह्याच इंजिनाला) मेन बेअरिंग तीनच, म्हटलं सापडेल पटकन. कॅप उलटी गेलीय का, नाही. शेलच्या मागे कचरा, नाही, तरी सगळं काढून पुसून परत बसवलं आणि परत जाम. मग वाटलं जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ग्राइंड करताना चुकलं असणार, म्हणून प्लास्टिगेज (मऊ धागा, दबून पट्टी झाला की तिच्या रुंदीवरून फट कळते) लावलं तर तिन्ही ठिकाणी पट्टी एकसारखी दबलेली, 2 थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास. तेलाला जागा आहे, मग अडतंय कुठे?

रात्री आडवा झालो आणि आठवलं, मधली कॅप बसताना घट्ट गेली होती, हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकावी लागली होती. थ्रस्ट वॉशर, क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या मधल्या बेअरिंगच्या अर्धगोल चकत्या! सकाळी कॅपमधले दोन वॉशर काढून परत कसलं तर क्रँक मोकळा. व्हर्नियरने मोजले तर चारही सारखेच दिसत होते, मायक्रोमीटरने मोजले तेव्हा कळलं की ब्लॉकमधले दोन बरोबर आणि कॅपमधले, ते कानवाले, 3 थाऊने जाड. पाकिटावर मात्र स्टँडर्ड छापलेलं. त्या सप्लायरकडून आता काही घेणार नाही, आणि असल्या मापाला व्हर्नियर वापरूच नका, साधा का होईना पण मायक्रोमीटर घ्याच.

नवीन मागवणारच होतो, पण म्हटलं घासून बघू. जाड काच, त्यावर 400 नंबरचा वॉटरपेपर, थोडं तेल, आणि वॉशरची फक्त स्टीलची पाठ घासायची, खाचांची बाजू क्रँककडे असते तिला हात लावायचा नाही. इंग्रजी आठच्या आकारात फिरवत, दर वीस फेऱ्यांनी तीन ठिकाणी मोजत. दोन वॉशरला दोन संध्याकाळी गेल्या. डायल गेज लावून क्रँक पुढेमागे सरकवला तर एंड फ्लोट (तो किती सरकतो ते) अडीच थाऊ, पाहिजे 2 ते 3. इतका आनंद झाला की गेज तसाच ठेवून चार वेळा परत मोजलं.

रविवारी पिस्टन टाकायचे होते, ते आता पुढे ढकललं. एक पाकीट चुकीचं निघालं म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरही भरवसा नाही, प्रत्येक रिंग बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) उलट्या पिस्टनने सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली गॅप बघणार, 7 ते 12 थाऊ. आणि हे टाइप करता करताच सुचलं, रॉड-पिस्टन बाहेरच आहेत तर चारही जोड्यांचं वजनही करून घेतो, फरक निघाला तर आत्ताच जुळवता येईल. कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) त्यानंतर.