दॅटसर

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं, त्यातली शेवटची ओळ अशी होती: ‘आपण आपले मनोगत महिनाअखेरपर्यंत पाठवावे, ही विनंती.’ समितीतल्या मंडळींना कल्पना नसेल, पण त्या ‘पाठवावे’पाशी मी चांगला पाच मिनिटं अडकलो. बायकोनं विचारलंसुद्धा, काय वाईट बातमी आहे का म्हणून. तिला काय सांगणार? आठवी ते दहावी जो दॅटसरांच्या हाताखालून गेला, त्याला ‘पाठवावे’मधला ‘वे’ दिसला की पाठोपाठ इंग्रजीतला ‘शुड’ दिसतो. याला औषध नाही.

दॅटसर हे सरांचं खरं नाव नव्हे. खरं नाव याच स्मरणिकेतल्या शिक्षकांच्या यादीत सापडेल. हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीनं ठेवलेलं, आम्हाला ते वारशानं मिळालं. सरांनाही ते ठाऊक होतं. एकदा मैदानावर एक पोरगं ओरडलं, “दॅटसर आले रे!” सर जागीच थांबले, वळले आणि म्हणाले, “इंग्रजीत सांग.” त्या बिचाऱ्याचा खेळाचा तास ‘हॅज कम’मध्ये गेला.

आमची १९८२ची दहावी. मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. त्यामुळे आठवीत आलो तेव्हा ‘दॅट’ म्हणजे ‘ते’, एवढंच आमचं ज्ञान. ‘दॅट इज अ ट्री’ म्हणायचं आणि खिडकीबाहेरच्या पेरूकडे बोट करायचं. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “हे बोट आता खिशात घाला. आता येणारा दॅट दाखवायचा नसतो, ओलांडायचा असतो.” मग त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. अलीकडे लिहिलं ‘ही सेड’, पलीकडे ‘ही विल कम’ आणि रेघेवर ‘दॅट’. हा उंबरठा. अलीकडचं क्रियापद भूतकाळी असेल तर विलनं चपला बाहेर काढायच्या आणि वुड होऊन आत जायचं. शॅलनं, कॅननं, मेनंही तेच करायचं. आत गेल्यावर मेचा माइट होतो, कॅनचा कुड.

“सर, आणि मस्ट?”

“मस्ट हा जावई. आला तर चपलांसकट आत येतो. फारच आग्रह केलात तर हॅड टू होतो.”

“आणि शुड?”

“शुड, वुड, कुड, माइट हे आधीच अनवाणी बसलेत. त्यांना आणखी काय काढायला लावतोस?”

वर्ग हसला, पण मला खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी वाटत होती. मी विचारलं, “सर, मराठीत असं का नाही? ‘तो म्हणाला की मी येईन’ यात ‘येईन’ तसाच राहतो, ‘मी’सुद्धा तसाच राहतो.” सरांनी खडू खाली ठेवला. त्यांना प्रश्न आवडला की ते खडू खाली ठेवायचे, हे आम्हाला पुढं कळलं. म्हणाले, “आपल्याकडे निरोप्या निरोप जसाच्या तसा आणून देतो. इंग्रजांचा निरोप्या आधी स्वतः उभा कुठं आहे ते बघतो आणि मग तिथून सांगतो.” डायरेक्ट-इनडायरेक्टचे गाइडमधले दोन पानभर नियम मी पुढं पाठ केले, पण परीक्षेत उपयोगी पडला तो हा निरोप्याच.

उंबरठ्याचा धडा तसा सगळ्याच शाळांत होतो, कुठं चपलांनी, कुठं तक्त्यानं. दॅटसरांचं वेगळेपण दुसऱ्या धड्यात होतं. नववीत भाषांतराला वाक्य आलं: ‘मी डॉक्टर व्हावं असं वडिलांना वाटतं.’ मी लिहिलं, ‘माय फादर थिंक्स दॅट आय विल बिकम अ डॉक्टर.’ वही तपासता तपासता सरांनी मला टेबलापाशी बोलावलं.

“अरे, हे तुझे वडील आहेत की ज्योतिषी?”

मी गप्प.

“ ‘मी डॉक्टर होईन असं वडिलांना वाटतं’ हे वेगळं आणि ‘मी डॉक्टर व्हावं असं वाटतं’ हे वेगळं. पहिल्यात ते भविष्य सांगतायत. दुसऱ्यात जीव टांगणीला लागलाय. ‘होईन’ला विल आहे, ‘व्हावं’ला नाही.” आणि लाल पेनानं त्यांनी लिहिलं: ‘विशेस दॅट आय शुड बिकम.’ खाली बारीक अक्षरात मराठीत पुस्ती जोडली, ‘साहेब घरी असं बोलत नाही, तो वॉन्ट्स मी टू बिकम म्हणतो, पण तुला व्हावं कुठं जातं ते कळलं पाहिजे.’ ती वही मी बरीच वर्षं जपली. मग घराच्या डागडुजीत गेली. वडिलांचं म्हणाल तर मी डॉक्टर झालो नाही. म्हणजे विल खोटाच ठरला असता, शुड मात्र शेवटपर्यंत खरा राहिला.

त्याच वर्षी पावसानं ओढ दिली होती, तेव्हा सरांनी होप आणि विश यांतला फरक सांगितला. ‘आय होप दॅट इट विल रेन’ म्हणणाऱ्याला कुठंतरी ढग दिसलेला असतो. ‘आय विश दॅट इट वुड रेन’ म्हणणाऱ्याचं आभाळ कोरडं असतं. वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची. पुन्हा समजावून सांगायची वेळ आली नाही.

आता जरा लाजिरवाणी गोष्ट. घटक चाचणीत मी कॉपी केली. इंग्रजीच्याच. कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर गंमत म्हणजे लेस्टचा नियम होता. (लेस्ट आलं की पुढं शुड. ‘रन फास्ट लेस्ट यू शुड मिस द बस.’ गाइडवाल्यांचा लाडका मुद्दा. पुढच्या आयुष्यात लेस्ट मला कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही.) सरांनी पेटी उघडली, चिठ्ठी वाचली, परत पेटीत ठेवली. मारलं नाही. एवढंच म्हणाले, “तू कॉपी करावीस?” आणि फळ्यावर जाऊन लिहिलं:

‘इट इज अ पिटी दॅट यू शुड हॅव कॉपीड.’

क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी अर्थ लावला, “सर म्हणतायत, याने कॉपी करायला पाहिजे होती, केली नाही याचं वाईट वाटतं!” अख्खा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसलो असतो, पण माझे कान तापले होते.

सरांनी पुन्हा खडू ठेवला. “यानं चुकीचा अर्थ लावला, पण सरळ डोक्यानं लावला. शुड म्हणजे पाहिजे, असं मीच शिकवलंय. आता मराठीच्या तासाला काय शिकलात सांगा. ‘मुलांनी अभ्यास करावा’, हा कोणता अर्थ?”

“विध्यर्थ!”

“कशाचा?”

“कर्तव्याचा!”

“आणि मी याला आत्ता म्हणालो, ‘तू कॉपी करावीस?’ हे कर्तव्य आहे का?”

कुणीच बोललं नाही.

“रूप तेच. पण इथं मी काही करायला सांगत नाहीय. जे झालंय ते माझ्या मनाला पटत नाहीय. ‘त्यानं असं बोलावं याचं नवल वाटतं’, ‘एवढ्या चांगल्या माणसावर ही पाळी यावी!’, हे तुमच्या आज्या रोज बोलतात. इंग्रजीत पिटी, स्ट्रेंज, सरप्रायझिंग, सॉरी असं काही आलं आणि पुढं दॅट आला, की आतला शुड हा आजीचा शुड असतो.”

‘आजीचा शुड’ हे नाव आमच्या तुकडीत कायमचं राहिलं. पुढं व्याकरणाची जाड पुस्तकं चाळली तेव्हा त्याला भारदस्त नावं सापडली, पण माझ्या डोक्यात आजीच बसलेली आहे. आणि हो, त्या चाचणीत मला शून्य दिलं. विध्यर्थ समजला म्हणून गुण सोडले नाहीत.

बारावीनंतर टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि १९८७मध्ये एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात टंकलेखक म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात पैशाच्या दाव्याची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, टाइप करायला आली. मसुद्यात होतं, ‘इट इज ऑर्डर्ड दॅट द डिफेंडंट डू पे टू द प्लेंटिफ’ आणि पुढं रक्कम. मी थबकलो. डिफेंडंट एक, म्हणजे ‘डज’ हवं. एवढी साधी चूक साहेबांच्या मसुद्यात! मी अभिमानानं ‘डज पे’ केलं, कार्बन घालून चार प्रती काढल्या आणि वरिष्ठ लिपिकांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“प्रतिवादी पैसे देतो?”

“हो, म्हणजे... तसा हुकूम आहे.”

“तो देत असता तर कोर्टात कशाला आला असता?”

मग त्यांनी कपाटातून १९०८ची दिवाणी प्रक्रिया संहिता काढली आणि मागच्या परिशिष्टातला डिक्रीचा नमुना उघडून दाखवला. तिथं छापील ‘डू पे’. त्याच्या आधीच्या नमुन्यात, खर्चाच्या ओळीत, ‘बी पेड’. ‘इज’ नाही, ‘शॅल बी’ नाही, नुसतं ‘बी’. त्या क्षणी मला चपराक बसावी तसा फळा आठवला. ‘प्रतिवादीने द्यावेत’, ‘देण्यात यावेत’. इथं शुडसुद्धा काढून टाकलाय आणि क्रियापद उघडं ठेवलंय, ‘वे’चं काम त्या उघड्या रूपाकडेच. चारही प्रती पुन्हा टाइप केल्या.

कोर्टात राहिलं की हे रूप जागोजाग भेटतं. सभागृहात विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव येतो तो ‘दॅट द बिल बी पास्ड’ असा, आणि आपल्याकडे ‘विधेयक संमत करण्यात यावे’. सोसायट्यांचे, बँकांचे ठराव ‘रिझॉल्व्ह्ड दॅट’नं सुरू होतात आणि पुढं तोच ‘बी’. पण खरी मजा जबान्यांत. ‘द लँडलॉर्ड इनसिस्टेड दॅट द टेनंट पेड द रेंट’ म्हणजे भाडेकरू भाडं भरत होता असं मालक ठासून सांगतोय. ‘पेड’चं ‘पे’ झालं, तर त्यानं भाडं भरावं म्हणून मालक हटून बसलाय. एवढ्याशा फरकानं मालक भाडेकरूच्या बाजूनं बोलायला लागतो! मी असल्या जागी, परवानगी असली, तर ‘शुड पे’ टाइप करायचो. लांबतं जरा, पण उगाच भानगड नको.

गेल्या वर्षी मुलीनं पुण्याहून फोन केला. ती आयटीत आहे. अमेरिकेतल्या साहेबाची मेल आली होती, तिच्यात ‘आय रिक्वेस्ट दॅट द फाइल नॉट बी शेअर्ड’ असं काहीतरी होतं. “बाबा, तो शुड विसरलाय का?” मी म्हटलं, विसरला नाही, तिकडे शुड न घालण्याचीच रीत आहे. ब्रिटनमध्ये घालायची सवय जास्त, आणि आपली शाळेतली पुस्तकं त्या वळणाची. शेअर करू नये, एवढं समज. ती म्हणाली, “मग सरळ ‘नये’ म्हणा ना.” आता ‘नये’ हे त्याच ‘वे’चं नकारी भावंड, हे तिला फोनवर कुठं समजावत बसू?

सरांना मी शेवटचा भेटलो ते त्यांच्या निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या घरी. ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. दिसायला कमी झालं होतं, आवाजावरून ओळखलं. डिक्रीचा किस्सा मी त्यांना पूर्वी एकदा पत्रानं कळवला होता. चहा आला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले,

“तुमच्या त्या नमुन्यात अजून ‘डू पे’च आहे का रे?”

“आहे सर.”

“बदललं नाही कुणी?”

“मी बदललं होतं. एक दिवस.”

सर हसले. मग चाचपडत खुर्चीजवळच्या माझ्या चपला काठीनं माझ्याकडे सरकवल्या.